पाचवा रकाना : भामरागडच्या अरण्यातील विद्यादानाचा इतिहास व त्यापासून बोध

परमेश्वराच्या कृपेने आमच्या धर्मग्रामास ज्युबिलीचा मंगल दिवस दिसला. ह्या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी शिक्षणाच्या कार्यावर एक ऐतिहासिक लेख लिहावा अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, व साहित्य म्हणून शाळेच्या निकालांचे एक कोष्टक आमच्याकडे पाठविण्यात आले. कोष्टक मोठे सुबक आहे. वर्ष, परीक्षेस बसलेले, उत्तीर्ण झालेले आणि शेकडा प्रमाण असे त्याचे चार रकाने. शेवटच्या रकान्यातील आकडे वर्षागणिक चढत गेलेले पाहून कोणाही धर्मग्रामवासियास संतोष वाटावा, व तो आम्हांसही वाटला. परंतु कोष्टक दोनदा वाचल्यावर मनात एक प्रश्न आला तो जाईना. जे विद्यार्थी परीक्षेस बसलेच नाहीत त्यांचा रकाना कोठे आहे?

हा प्रश्न निष्कारण उपस्थित केलेला नाही. निकाल शंभर टक्के राहावा म्हणून कच्च्या मुलास नववीतच थोपवून धरावे, किंवा त्याच्या पालकांस बोलावून, 'ह्याने बाहेरून सतरा नंबरचा अर्ज भरावा हे बरे,' असे गोड शब्दांत सुचवावे, ही रीत आज महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांत रूढ झाली आहे. आमच्याही मंडळीत असा विचार बोलून दाखविणारे सज्जन आहेत. त्यांचा हेतू वाईट नाही. शाळेचे नाव मोठे व्हावे एवढीच त्यांची इच्छा. तथापि शाळेचे नाव मोठे करण्यासाठी मुलाचे नाव खोडावे लागत असेल, तर शाळा कशासाठी काढली होती, हे एकदा स्वस्थपणे विचारले पाहिजे. ह्या विचारास साहाय्य व्हावे म्हणून आम्ही वाचकांस आपल्याच चांदा धर्मप्रांतातील एका दूरच्या कोपऱ्याकडे घेऊन जातो.

जुन्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच्या दक्षिण टोकाकडे, छत्तीसगडच्या सीमेस लागून भामरागड आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती ह्या तीन नद्या तेथे एकत्र येतात. संगमाचे ते दृश्य रमणीय खरे. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे पुलावरून पाणी वाहते व तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. साग, बांबू, मोह, तेंदू व चारोळी ह्यांनी भरलेल्या ह्या रानात माडिया गोंड लोकांची वस्ती आहे. सरकारने महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष मागास व जपण्याजोग्या म्हणून नोंदल्या आहेत त्यांत कातकरी व कोलाम ह्यांबरोबर माडिया गोंडांची गणना होते. त्यांची माडिया बोली गोंडीची बहीण असून द्राविडी कुळातील आहे. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही.

शाळा येण्यापूर्वी ह्या लोकांत शिक्षण नव्हते असे समजणे ही आम्हां शहाण्यांची चूक आहे. गावाच्या गोटूलात तरुण मंडळी जमत. नाच, गाणी, सणवार, पाहुण्यांचा आदर आणि एकमेकांच्या कामास धावून जाण्याची रीत ती तेथे वडीलधाऱ्यांच्या व थोरल्या सोबत्यांच्या नजरेखाली शिकत. विल्फ्रिड ग्रिग्सन ह्यांनी बस्तरच्या माडियांविषयीचा आपला ग्रंथ १९३८ मध्ये, व व्हेरियर एल्विन ह्यांनी मुरिया लोकांच्या गोटूलावरील ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून विद्वानांचे लक्ष ह्या संस्थेकडे वेधले. आमच्या प्रयोजनापुरती एकच गोष्ट सांगायची. गोटूलात कोणी पहिला आला नाही आणि कोणी नापासही झाला नाही. तेथील शिक्षण गावाच्या वागणुकीत दिसे, कोष्टकात दिसत नसे. ह्या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे आम्ही म्हणत नाही. लिहिणेवाचणे तेथे नव्हते, आणि बाहेरचे जग कागद व तराजू घेऊन रानात शिरले तेव्हा ती उणीव माडियांस फार महाग पडली.

ह्या महागाईचा हिशेब पुढे ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांची कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे. वरोड्याजवळील आनंदवनात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे बाबा आमटे ह्यांनी भामरागडापासून जवळच असलेल्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी 'लोकबिरादरी प्रकल्प' सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी हे दांपत्य शहरातील वैद्यकी सोडून तेथे राहावयास गेले. वीज नाही, रस्ता नाही, भाषा येत नाही, अशा स्थितीत झोपडीत राहून त्यांनी औषधोपचार आरंभिले. कपडे घातलेला परका मनुष्य दिसला की रानात दूर निघून जाणारे लोक हळूहळू दवाखान्यात येऊ लागले. त्या दोघांस २००८ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण आमचा विषय त्यांच्या कीर्तीचा नाही, शाळेचा आहे.

दवाखाना सुरू झाल्यावर सेवकांच्या ध्यानात आले की माडियांचे दुखणे केवळ शरीराचे नाही. मोह, चारोळी, डिंक असा मोलाचा रानमेवा देऊन त्याच्या मोबदल्यात ते मूठभर मीठ घेऊन परतत. तराजू व्यापाऱ्याचा, हिशेब व्यापाऱ्याचा, आणि कागद सरकारी माणसाचा. खाकी कपडा दिसला की मान खाली जाई. औषधाने ताप उतरे. ही लाचारी उतरत नसे. म्हणून १९७६ मध्ये हेमलकसा येथे शाळा काढण्यात आली. मुले मिळविण्यासाठी पाड्यापाड्यांत हिंडून आईबापांची समजूत घालावी लागे. ज्यांच्या सात पिढ्यांत पाटी पाहिली नव्हती त्यांनी आपले लेकरू परक्यांच्या स्वाधीन का करावे? तरी त्यांनी केले, आणि तो विश्वास म्हणजेच त्या शाळेचे पहिले भांडवल होय.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हेमलकशाची शाळा मोजण्याच्या विरुद्ध नव्हती. उलट मोजता यावे म्हणूनच ती निघाली. किलो म्हणजे किती, रुपयाचे पैसे किती, मजुरीचे दिवस किती भरले, हे मुलास कळले तर बापाची फसवणूक थांबेल, हा तिच्या अंकगणिताचा उद्देश. परीक्षाही तेथे होतात. तेथील विद्यार्थी इतर मुलांप्रमाणेच मंडळाच्या परीक्षेस बसतात. त्यांतून माडिया समाजास आपले पहिले डॉक्टर व वकील मिळाले, शिक्षक मिळाले. ही फळे मोजता येतात व ती मोजावी. परंतु ज्या मुलाचा आजा शिपायास पाहून रानात दडत असे तोच मुलगा मोठा होऊन कचेरीत खुर्ची ओढून बसतो व आपल्या गावाचा अर्ज स्वतः वाचून दाखवितो, त्या वेळी जे घडते त्यास कोणत्या विषयात किती गुण द्यावे? भीती गेली, हे कोणत्या रकान्यात लिहावे? डॉक्टर झालेला तरुण शहरातील प्राप्ती बाजूस ठेवून आपल्या माणसांत परत येतो, तेव्हा त्याने परीक्षेत मिळविलेले गुण तेच असतात. पण शाळेचा खरा निकाल त्या दिवशी लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शाळा मुलाला वर काढते त्याच हाताने ती त्याला घरापासून दूरही नेऊ शकते. रानातील शंभर झाडांची नावे ज्यास ठाऊक आहेत, कोणती अळंबी खावी व कोणती टाकावी हे जो अंधारातही सांगेल, पावलाच्या ठशावरून जनावर ओळखील, असा सहा वर्षांचा बालक मराठी पहिलीच्या पुस्तकासमोर बसविला की एका क्षणात 'ढ' ठरतो. तो अज्ञानी नसतो. त्याला विचारलेला प्रश्न परक्या भाषेत असतो. असे वर्षभर ऐकून घेतले म्हणजे मूल दोन गोष्टी पक्क्या शिकते: आपली भाषा हलकी, आणि आपले आईबाप अडाणी. हा धडा कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही व त्याची परीक्षाही होत नाही. तरी तो जन्मभर विसरत नाही.

ह्या दुखण्यावरील उपाय प्राणहितेच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामी राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, बऱ्याच वर्षांपूर्वी करून पाहण्यात आला होता. जमिनी व जंगल ह्यांच्या तंट्यात १९४० मध्ये कुमरम भीम हा गोंड पुढारी मारला गेला. त्या असंतोषाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी आलेले मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे मारलावाई ह्या गोंड खेड्यात राहिले. गोंड तरुणांसच शिक्षक करावे ह्या विचाराने तेथे १९४३ मध्ये एक केंद्र निघाले, आणि देवनागरी लिपीत गोंडी भाषेची वाचनपुस्तके तयार झाली. मुलाने पहिले अक्षर आपल्या आईच्या बोलीत वाचावे. जमिनीचा कागद आपल्या डोळ्यांनी पाहता यावा. मध्यस्थाची गरज उरू नये, असा त्या प्रयत्नाचा रोख होता. हेमलकशाच्या शाळेतही पुढे लहान मुलांसाठी माडिया बोलीत पुस्तके करण्यात आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून असावे, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, गडचिरोली जिल्ह्यातीलच मोहगाव येथील ग्रामसभेने गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा उघडली व तिच्या नावात 'गोटूल' हा शब्द ठेवला. जुन्या विद्येचे नाव नव्या विद्येने आदराने घेतले, हे आम्हांस शुभचिन्ह वाटते.

ह्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडे, धानोरा तालुक्यात, मेंढा नावाचे एक लहान गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावाबरोबर त्याचे नाव जोडून घेतात. तेथील शिक्षणाचा प्रकार आणखी निराळा. श्री. देवाजी तोफा व त्यांचे स्नेही मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या पुढाकाराने तेथे १९८० च्या दशकापासून गावकऱ्यांची अभ्यासमंडळे बसू लागली. शिकणारे प्रौढ, विषय जंगल, कायदा, दारू, पैसा, गावाचा कारभार. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा, म्हणून एकाचे न पटले तर चर्चा पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या मनुष्यास हा वेळेचा अपव्यय वाटावा. पण वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला तेव्हा त्याचा अर्थ लावण्यास मेंढा गाव तयार होते. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. वीस वर्षे जे शिक्षण कोणत्याही मापात बसले नाही, त्याचे फळ एके दिवशी सरकारलाही मोजावे लागले. तथापि ते फळ पुढे येणार हे जाणून अभ्यास चालला नव्हता. गावाने स्वतः विचार करावा, एवढाच त्याचा हेतू होता.

आता कोणी म्हणेल, की ही रानातील उदाहरणे झाली. शाळेस अनुदान मिळते ते आकड्यांवर, आणि आकड्यांखेरीज शाळा चांगली की वाईट हे कसे ठरवावे? प्रश्न रास्त आहे, व तो जुनाही आहे. इंग्लंडात १८६२ मध्ये असा नियम झाला की प्राथमिक शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व अंकगणित ह्यांतील परीक्षेवर अवलंबून राहावे. तपासनीस येई, एकेका मुलाची परीक्षा घेई व त्यावरून पैसा ठरे. परिणाम काय झाला? मुले वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करू लागली. शिक्षक ज्या विषयांस पैसा नव्हता ते विषय सोडू लागले. शाळांचे तपासनीस असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड ह्यांनी ह्या यांत्रिकपणाविषयी आपल्या अहवालांतून वारंवार तक्रार केली. ती पद्धत इंग्लंडात १८९० च्या दशकात मोडीत निघाली. आमच्या मुंबई इलाख्यातही निकालावरून अनुदान देण्याची रीत कित्येक वर्षे चालली व विसाव्या शतकाच्या आरंभी सुटली. ज्यांनी ती सुरू केली ते दुष्ट नव्हते; सार्वजनिक पैसा वाया जाऊ नये एवढेच त्यांस हवे होते. परंतु माप हेच ध्येय झाले की माप खोटे होते. विद्या वाढली की नाही ते कळेनासे होते. परीक्षेची तयारी तेवढी वाढलेली कळते.

पवित्र शास्त्रात मोजण्याचे दोन प्रसंग आहेत, व ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. दावीद राजाने आपल्या प्रजेची शिरगणती केली. सेनापती योवाबाने नको म्हटले, तरी राजाने ऐकले नाही. आपले बळ किती हे त्यास पाहावयाचे होते. आणि गणती पुरी झाल्यावर त्याचेच मन त्यास खाऊ लागले. दुसरा प्रसंग प्रभू येशूने सांगितलेल्या मेंढपाळाचा. त्याची मेंढरे शंभर. संध्याकाळी नव्याण्णव भरली. ती मोजली नसती तर एक हरवले हे त्यास कळलेच नसते. म्हणजे मोजणे हे पाप नव्हे. पण नव्याण्णव हा आकडा शंभरास फार जवळचा आहे, असे म्हणून तो निजला नाही. दावीदाने आपण किती मोठे हे पाहण्यासाठी मोजले. मेंढपाळाने कोण राहिले हे पाहण्यासाठी मोजले. शाळेतील सर्व मोजणी ह्या दोहोंपैकी एका प्रकारची असते, आणि ती कोणत्या प्रकारची आहे हे शिक्षकाच्या मनास पक्के ठाऊक असते.

मेंढपाळाची मोजणी आजही कोठे कोठे होते. 'प्रथम' ह्या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी 'असर' नावाची पाहणी शाळेत न जाता मुलांच्या घरी जाते; म्हणून शाळा सोडलेले मूलही तीत सापडते. ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांस दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे कटू सत्य तिनेच उघड केले. इटलीतील दोन लोरेन्झो मिलानी ह्या धर्मगुरूंचे उदाहरणही असेच आहे. ('दोन' ही तिकडील धर्मगुरूंची आदरार्थी पदवी.) त्यांस १९५४ मध्ये बार्बियाना ह्या डोंगरावरील लहानशा धर्मग्रामात पाठविण्यात आले. शेतकऱ्यांची जी मुले सरकारी शाळेत नापास होऊन बाहेर पडली होती त्यांस त्यांनी आपल्या घरात शिकविले. १९६७ मध्ये त्या मुलांनी मिळून एका शिक्षिकेस उद्देशून लिहिलेले पत्र पुस्तकरूपाने निघाले. शाळा कोणास गाळते, गाळलेल्यांचे बाप काय काम करतात, ह्याचे हिशेब त्या मुलांनी स्वतः मांडले होते. ज्यांस गणित येत नाही म्हणून काढले त्यांनीच गणिताने शाळेची परीक्षा घेतली! त्याच वर्षी फादर मिलानी अवघ्या ४४ व्या वर्षी निवर्तले. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, परमगुरुस्वामी फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली.

मेंढपाळ हरवलेल्या मेंढराकडे आपण होऊन जातो. हे आपल्या महाराष्ट्रात अक्षरशः करून दाखविणाऱ्या दोन स्त्रिया होऊन गेल्या. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, असे दिसून आले. तेव्हा हजेरी कमी म्हणून मुलांस दोष न देता त्यांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला 'कुरणशाळा' म्हणू लागले. गुरे चरत, मुले शिकत. ज्यास हजेरीचा तक्ताच पाहावयाचा होता त्याने 'गैरहजर' असे लिहिले असते. ज्यास मूल पाहावयाचे होते त्यास रस्ता दिसला.

आता घरी परत येऊ. आमचा चांदा धर्मप्रांत १९६२ मध्ये स्थापन होऊन सी. एम. आय. संघाच्या धर्मगुरूंच्या स्वाधीन झाला. ह्या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा (१८०५ ते १८७१) ह्यांनी १८४६ मध्ये केरळातील मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली. १८६४ मध्ये त्यांनी, प्रत्येक देवालयाजवळ एक शाळा असावी, अशी आज्ञा दिली. गरीब मुलांस दुपारचे अन्न देण्याची व्यवस्थाही त्यांनी केली, कारण भुकेले मूल शिकत नाही हे त्यांस ठाऊक होते. २०१४ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या आपल्या शिक्षणविषयक घोषणेत ख्रिस्तसभेचे मत स्पष्ट मांडले. शिक्षणाने मनुष्य पूर्णत्वाने घडावा, त्याचे अंतिम ध्येय व समाजाचे हित ह्या दोहोंस ते अनुरूप असावे, आणि ते त्याच्या संस्कृतीस व परंपरेस धरून असावे, असे तिचे तात्पर्य आहे. त्या घोषणेत शेकडा प्रमाणाचा उल्लेख नाही. देवालयाच्या सावलीत शाळा काढणाऱ्या आमच्या पूर्वसूरींच्या मनातही तो नव्हता. अंत्यदिनी प्रभू जे प्रश्न विचारणार आहे ते त्याने आधीच सांगून ठेवले आहेत: भुकेल्यास अन्न दिले काय, परक्यास आसरा दिला काय. ही प्रश्नपत्रिका फुटलेलीच आहे. तरी तिची तयारी किती शाळांत होते?

ह्यावरून आम्ही परीक्षा बंद करा असे म्हणतो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. हेमलकशाच्या मुलास तराजू वाचता आलाच पाहिजे, आणि आमच्या मुलांनी दहावी उत्तीर्ण झालेच पाहिजे. मजुराच्या मुलीस गुणपत्रिकेचा कागद किती उपयोगी पडतो हे आम्ही जाणतो; ज्यांच्या घरी पिढीजात पुस्तके आहेत त्यांनी गुणांस तुच्छ म्हणणे ही चैन होय. आमचे म्हणणे इतकेच, की गुण हे शिक्षणाचे एक फळ आहे, त्याचे मूळ नव्हे. भामरागडच्या इतिहासातून आम्हांस जे मूळ दिसले ते हे: मनुष्याने ताठ उभे राहावे, आपल्या माणसांची लाज वाटू न द्यावी, आणि जे मिळाले ते घेऊन कोणाच्या तरी उपयोगी पडावे. हे तिन्ही मोजता येत नाहीत. परंतु ज्या शाळेत एका मुलास आकड्यासाठी बाहेर ठेवले जाते, तेथे आत राहिलेली नव्याण्णव मुलेही काही शिकतात. दुबळ्याला वगळले म्हणजे आपण मोठे होतो, हे ती शिकतात, आणि पुढे जन्मभर तसे वागतात.

म्हणून संपादक मंडळींनी पाठविलेले कोष्टक आम्ही परत पाठवीत आहोत, आणि त्यास एक पाचवा रकाना जोडावा अशी नम्र विनंती करीत आहोत. त्या वर्षी पहिलीत किंवा पाचवीत आलेली, पण परीक्षेपर्यंत न पोचलेली मुले किती, हे त्यात लिहावे. आकडा छापल्यास शाळेची शोभा कमी होईल अशी भीती असेल, तर तो न छापता फादरसाहेबांच्या व धर्मभगिनींच्या हाती द्यावा. मात्र आकड्यावर थांबू नये, नावे काढावी. कोण वीटभट्टीवर गेला, कोणाचे लग्न लवकर झाले, कोण परक्या भाषेपुढे हरला, हे पालक व शिक्षक मिळून दोन महिन्यांत शोधू शकतील. त्यांतील एकाच्या घरी जरी ज्युबिलीच्या वर्षात आमच्यापैकी कोणी जाऊन आला, तरी मांडवाच्या व रोषणाईच्या खर्चापेक्षा अधिक मोलाचा उत्सव साजरा झाला असे आम्ही समजू.

ज्या प्रभूने नव्याण्णवांस रानात ठेवून एकाचा शोध घेतला, तो आमच्या शाळेस, तिच्या शिक्षकांस, तिच्यात असलेल्या आणि तिच्यातून हरवलेल्या सर्व लेकरांस आशीर्वाद देवो, व पुढील ज्युबिलीपर्यंत तो पाचवा रकाना रिकामा करण्याचे बळ आम्हां सर्वांस देवो. आमेन.